मार्गिटपाशी अडलेल्या वाचक ताईंना

पत्र: "सप्रेम नमस्कार. मी सांगलीत राहते, बँकेत नोकरी करते, वय अडतीस. मुलगी झोपल्यावर रात्री तासभर गेम खेळणे हा माझा बऱ्याच वर्षांचा विरंगुळा आहे. संगणक टीव्हीला जोडलेला आहे आणि हातात पॅड असतो. 'द विचर ३' मी दोनदा पूर्ण केला, 'बाल्डर्स गेट ३' तर अजून मनातून जात नाही. पुण्यातल्या धाकट्या भावाने वाढदिवसाला 'एल्डन रिंग' भेट दिला आणि मी त्यातल्या पहिल्याच मोठ्या बॉसपाशी, म्हणजे वाट अडवणाऱ्या बलाढ्य शत्रूपाशी, मार्गिटपाशी, अडकून पडले आहे. भाऊ म्हणतो की खरा गेम हातांचा असतो, आकडे वाढवून जिंकणे म्हणजे जिंकणे नव्हे, टर्न-बेस्ड, म्हणजे पाळीपाळीने वार करण्याचा, प्रकार आता संपलेला आहे, आणि विचर सर्वांत सोप्या पातळीवर खेळणाऱ्याने आपण तो खेळलो असे म्हणूच नये. मी त्याला सांगते की ॲक्शन गेम म्हणजे नुसती बटणे बडवणे, त्यात विचार कुठे असतो? दर रविवारी फोनवर हाच वाद होतो. बरोबर कोणाचे? मी एल्डन रिंग सोडून द्यावा का? आणि पुढे काय खेळावे?" (एक वाचक, सांगली)

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुम्हा दोघांनाही रुचणार नाही, म्हणून ते आधीच सांगून टाकतो. तुमच्या बंधूंची बहुतेक विधाने चुकीची आहेत आणि तुमचे एकच विधान आहे, तेही चुकीचे आहे. ॲक्शन गेममध्ये विचार नसतो असे म्हणणाऱ्या बहुतेकांनी तो प्रकार त्यातला विचार दिसू लागण्याच्या आधीच सोडलेला असतो, आणि तुम्ही सध्या नेमक्या त्या टप्प्यावर आहात.

लढाईचा कोणताही गेम घेतला तरी खेळणाऱ्याला निर्णय घ्यावेच लागतात. ते कधी घ्यायचे, एवढाच काय तो भेद असतो. रोल-प्लेइंग प्रकारात, म्हणजे आपण ज्याला आरपीजी म्हणतो त्यात, बरेचसे निर्णय घाव पडण्याच्या आधी होतात: पात्राची ताकद वाढवायची की बुद्धी, अंगावर कोणते चिलखत चढवायचे, कोणता मंत्र शिकून ठेवायचा, सोबतीला कोणाला न्यायचे. ॲक्शन प्रकारात निर्णयाला वेळ मिळतो तो घाव येत असतानाचा, बहुधा सेकंदापेक्षाही कमी. आज निघणाऱ्या मोठ्या गेमांत पूर्णपणे एका बाजूचे असे थोडेच असतात. बाकीच्यांत दोन्हींचे मिश्रण असते, आणि त्या मिश्रणाचे प्रमाण कळले की गेम आपल्याला मानवेल की नाही याचा बराचसा अंदाज येतो. दुकानातल्या पाटीवरून तो येत नाही, कारण 'विचर ३' आणि 'एल्डन रिंग' या दोहोंवर 'ॲक्शन आरपीजी' अशी एकच पाटी लावलेली असते; त्यांपैकी एक तुम्ही दोनदा संपवलात आणि दुसऱ्याच्या पहिल्याच बॉसने तुम्हाला थोपवून धरले.

आकडे वाढवून जिंकण्याबद्दल बंधूंना जो तिटकारा आहे, तो हे आकडे मुळात कशासाठी आले हे ठाऊक नसल्यामुळे असावा. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकी गृहस्थांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. तो टेबलाभोवती बसून, कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा असतो. खेळणाऱ्याने जन्मात तलवार धरलेली नसली तरी त्यात काही बिघडत नाही, कारण राक्षसाशी लढताना किंवा कडा चढताना परीक्षा होते ती कागदावर लिहिलेल्या पात्राची. पात्राचा आकडा आणि फाशाचे दान मिळून काय घडले ते ठरवतात. म्हणजे आकडा हे त्या पात्राचे शरीर आहे, आणि ते शरीर कमावणे हाच खेळाचा एक मोठा भाग आहे. बाल्डर्स गेट ३ मध्ये संभाषणाच्या मध्येच पडद्यावर गडगडणारा वीस बाजूंचा फासा तुम्ही पाहिला आहे. तो थेट तिथूनच आलेला आहे, कारण बेल्जियमच्या लेरियन स्टुडिओजने तो गेम याच खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर बेतलेला आहे.

१९८६ साली जपानमध्ये युजी होरी यांनी 'ड्रॅगन क्वेस्ट' करताना हीच कल्पना घरच्या टीव्हीसमोर बसणाऱ्या मुलांना पेलेल इतकी सुटसुटीत केली. तिथे बॉस हरत नसेल तर मागे फिरावे, लहानसहान शत्रूंशी लढून लेव्हल, म्हणजे पात्राच्या बळाची पायरी, वाढवावी आणि पुन्हा यावे. ज्याचे हात चपळ नाहीत त्यालाही चिकाटीच्या बळावर कथेच्या शेवटापर्यंत पोहोचता यावे, ही या रचनेतली उदारता मला आजही मोठी वाटते. आर्केडमधल्या नाणे टाकून खेळायच्या यंत्रांचे गणित उलटे होते. खेळाडू जितका लवकर हरेल तितके लवकर दुसरे नाणे पडणार, त्यामुळे ती यंत्रे कठीण असण्यात मालकाचाही फायदा होता. हातांच्या कौशल्याचा जो अभिमान बंधू मिरवतात, त्याची मुळे बरीचशी या धंद्याच्या गणितात आहेत, हे त्यांना कधीतरी सौम्य शब्दांत सांगायला हरकत नाही.

टर्न-बेस्ड प्रकार संपल्याची वार्ता मी फार वर्षांपासून ऐकत आलो आहे. तिला आधार दिला जातो तो 'फायनल फँटसी' या मालिकेचा. १९८७ साली आज्ञा निवडण्यापासून सुरू झालेली ही मालिका १९९१ च्या चौथ्या भागात घड्याळाच्या काट्यावर आली, म्हणजे तुम्ही विचार करत बसलात तरी शत्रू थांबेनासा झाला. २०१६ च्या पंधराव्या भागात ती उघडपणे ॲक्शनकडे वळली आणि २०२३ च्या सोळाव्या भागाची लढाई तर रिओटा सुझुकी यांनी रचली, ज्यांनी त्याआधी 'डेव्हिल मे क्राय ५' या निखळ ॲक्शन गेमवर काम केले होते. एवढेच उदाहरण पाहणाऱ्याला बंधूंचे म्हणणे पटेल. पण त्याच काळात 'याकुझा' ही रस्त्यावरच्या हाणामारीसाठी प्रसिद्ध असलेली ॲक्शन मालिका २०२० च्या 'लाइक अ ड्रॅगन' या भागात उलट दिशेने जाऊन टर्न-बेस्ड झाली. कारणही मोठे गमतीचे दिलेले आहे: नायक इचिबान ड्रॅगन क्वेस्टचा भक्त असल्यामुळे त्याला प्रत्येक मारामारी तशीच दिसते. 'द गेम अवॉर्ड्स'मधला वर्षातील सर्वोत्कृष्ट गेमचा मान २०२३ साली बाल्डर्स गेट ३ ला मिळाला आणि २०२५ साली 'क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्सपिडिशन ३३' ला. दोन्ही टर्न-बेस्ड आहेत. २०२२ चा मान एल्डन रिंगचा होता, हेही बंधूंच्या बाजूने नोंदवून ठेवतो. पारितोषिकांवरून गेमची प्रत ठरते असे मी मानत नाही, मात्र संपलेल्या प्रकाराला ती मिळत नसतात.

या दोन प्रकारांचे लग्न जिथे सर्वांत यशस्वी झाले त्या गेमची हकिगत इथे सांगण्याजोगी आहे. डेव्हिड ब्रेव्हिक यांनी 'डायब्लो' आधी टर्न-बेस्ड म्हणूनच आखला होता. तो सलग वेळेत, म्हणजे पाळीसाठी न थांबता, खेळता यावा असा आग्रह झाला तेव्हा त्यांचा त्याला विरोध होता, असे त्यांनी पुढे जाहीर व्याख्यानात सांगितले आहे. बदल करून पाहिल्यावर माउसच्या एका टिचकीसरशी योद्धा चालत गेला, सांगाड्यावर घाव घातला आणि सांगाडा कोसळला. तेवढ्या एका घावाने त्यांचे मत बदलले. १९९६ च्या अखेरीस बाहेर पडलेल्या त्या गेममध्ये लेव्हल, शस्त्रांवरचे आकडे आणि पात्राची जडणघडण जशीच्या तशी राहिली, बदलली ती फक्त घावाची वेळ. जुन्यातून नवे उत्क्रांत झाले अशी एक सरळ रेघ या इतिहासात कुठेच सापडत नाही. रचनाकार दर वेळी निर्णयाचा क्षण मागे-पुढे सरकवून पाहत आले आहेत, इतकेच.

आता तुमची सोपी पातळी. विचर ३ मध्ये सर्वांत सोप्या पातळीचे नावच 'जस्ट द स्टोरी!' असे आहे, आणि ते पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने स्वतः ठेवलेले आहे. तिथे कमी होतो तो तलवारीचा त्रास. वेलेन या प्रदेशातल्या त्या झाडाखाली कोंडलेल्या आत्म्याला सोडायचे की मारायचे, आणि त्यापायी बॅरनच्या बायकोचे आणि दलदलीतल्या अनाथ मुलांचे काय होणार, हा पेच कोणत्याही पातळीवर तसूभरही हलका होत नाही. माझ्या मते त्या गेमची खरी कठीण जागा तीच आहे, आणि तलवारबाजी हा त्याचा दुय्यम भाग आहे. 'मास इफेक्ट ३' ने २०१२ मध्ये हा मुद्दा फार प्रामाणिकपणे मांडला होता. सुरुवातीलाच तो तीन पर्याय देई: एकात लढाई सोपी होई, दुसऱ्यात संभाषणातले निर्णय गेम आपणहून घेऊन टाकी, आणि तिसऱ्यात दोन्हींचा भार खेळाडूवर राही. संभाषणे गेमवर सोपवणाऱ्याला 'तू हा गेम खेळलाच नाहीस' असे कोणी हिणवल्याचे माझ्या ऐकिवात नाही; हिणवले जाते ते नेहमी लढाई सोपी करणाऱ्याला. बोलणी वगळणे ही बंधूंच्या लेखी सोय असेल आणि घाव सोपा करणे ही लबाडी असेल, तर त्यांनी स्वतःची आवड हाच नियम धरलेला आहे.

बंधूंचा समाचार इथवर पुरे. आता तुमच्याकडे वळतो, आणि त्यासाठी मार्गिटच घेतो, कारण 'नुसती बटणे बडवणे' या समजाला उत्तर म्हणून त्याच्याइतका नमुनेदार बॉस क्वचितच मिळेल. तो काठी उगारतो आणि उगारूनच ठेवतो. तुम्ही घाबरून लगेच रोल मारता, म्हणजे कोलांटी घेऊन निसटू पाहता, रोल संपतो, आणि मग काठी खाली येते. कबड्डीत चढाईपटूने नुसता पाय पुढे केला की उतावळा बचावपटू झेप घेतो आणि बाद होतो, तसे मार्गिट तुम्हाला करत आहे. रोलच्या अगदी सुरुवातीच्या काही क्षणांतच पात्राला इजा होत नाही, त्यामुळे रोल हा घाव उगारल्यावर मारायचा नसून घाव सुटल्यावर मारायचा, आणि शक्यतो मागे न जाता त्याच्याच दिशेने, काखेखालून निसटल्यासारखा मारायचा, कारण त्याची पोच लांब आहे आणि मागे सरणारा त्या टप्प्यातच राहतो. कोणत्या उगारीनंतर किती थांबायचे आणि कोणत्या घावानंतर एकच वार करून मागे यायचे, हे लक्षात ठेवणे हेच तिथले काम आहे. त्यात हातांच्या वेगापेक्षा निरीक्षण आणि स्मरण जास्त लागते, आणि बँकेत हिशेब जुळवणाऱ्या व्यक्तीकडे या दोन्ही गोष्टी नसतील असे मी मानायला तयार नाही. बटणे बडवणाऱ्याला तर मार्गिट सर्वांत आधी मारतो.

पण याहून महत्त्वाची गोष्ट बंधूंनी तुम्हाला सांगितलेली दिसत नाही, ती अशी की एल्डन रिंगमध्ये सोपी-कठीण निवडण्याचा पर्याय नसला तरी त्याचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी आणि तो करणाऱ्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीच्या मंडळींनी ती काठिण्यपातळी सगळ्या नकाशावर पसरून ठेवलेली आहे. मार्गिटच्या दारात वाट संपत नाही. लिमग्रेव्ह या सुरुवातीच्या प्रदेशातून पूल ओलांडून दक्षिणेला जा, तिथे वीपिंग पेनिन्सुला हा आकाराने मोठा आणि शत्रूंनी बराच सौम्य असा भाग आहे. तिथल्या पडक्या चर्चमध्ये सेक्रेड टिअर मिळतात, त्यांनी औषधाच्या फ्लास्कचा गुण वाढतो. गोळा होणाऱ्या रून्स, म्हणजे गेममधले चलन, आधी व्हिगरवर, म्हणजे पात्राच्या जीवशक्तीवर, खर्च करा. नवे खेळाडू घाव जोरदार बसावा म्हणून ताकद वाढवत राहतात आणि स्वतः दोन फटक्यांत मरतात. चर्च ऑफ एलेमधल्या ऐरणीवर स्मिदिंग स्टोन वापरून शस्त्र +३ पर्यंत नेता येते. घोडा मिळाल्यानंतर त्याच चर्चमध्ये रात्री एक चेटकीण भेटते, ती तीन लांडग्यांची राख देते, तिने लढाईत लांडगे बोलावता येतात, आणि ते लांडगे मार्गिटचे लक्ष तुमच्यावरून हटवतात. मर्कवॉटर केव्हमधला पॅचेस नावाचा लबाड ५,००० रून्सना मार्गिटला काही क्षण जखडून ठेवणारी बेडी विकतो. लढाईच्या दाराबाहेर रॉजिअर या जादूगाराला मदतीला बोलावण्याची खूणही असते. चिलखत, शस्त्रे वगैरे अंगावरच्या सगळ्या सामानाचे वजन पात्राच्या क्षमतेच्या ७० टक्क्यांच्या खाली ठेवा, त्यापुढे गेले की रोल जड होतो आणि मग वेळ कितीही अचूक साधली तरी फटका बसतो. यातली प्रत्येक गोष्ट गेमनेच ठेवलेली आहे. ती वापरणे म्हणजे लबाडी असे ज्यांना वाटते त्यांनी एल्डन रिंगच्या आरपीजी असण्याकडे डोळेझाक केलेली आहे.

आकड्यांवाचून, केवळ हातांनी जिंकण्याचा जो आदर्श बंधू सांगतात त्याच्या सर्वांत जवळ जाणारा गेम याच कंपनीने २०१९ साली केलेला आहे, तो म्हणजे 'सेकिरो'. त्यात ताकद-बुद्धीचे गुण वाटायला मिळत नाहीत, शस्त्रांची निवड नाही, शत्रूची तलवार नेमक्या क्षणी अडवून त्याचा तोल मोडणे हाच मार्ग आहे, आणि बॉस हरत नसेल तर बाहेर फिरून बलवान होऊन येण्याला फारसा वाव नाही. तो गेम मला अतिशय आवडतो, पण तो एल्डन रिंग नव्हे. बंधूंचे एल्डन रिंगमधले पात्र कितव्या लेव्हलचे आहे आणि त्यांनी ते गुण कशासाठी खर्च केले, हे येत्या रविवारी जरूर विचारा.

आपल्या आवडत्या प्रकाराचे दोषही आपणच मान्य करायला हवेत. कितीतरी जपानी आरपीजींत चालता चालता दर दहा पावलांवर लढाई सुरू होते आणि खेळणारा 'अटॅक' हाच पर्याय डोळे मिटून दाबत राहतो. बटणे बडवणे म्हणायचेच तर ते हेच, आणि तिथे समोरच्याला ओळखायचेही कष्ट नसतात. दोन्ही प्रकारांचे नको ते एकत्र आले तर फारच विरस होतो. 'असॅसिन्स क्रीड ऑडिसी'मध्ये तुम्ही दबा धरून, हालचाल चुकू न देता शत्रूच्या मागे पोहोचता, पाते खुपसता, आणि तो चार लेव्हलने वरचा असल्यामुळे मरत नाही. हातांनी आपले काम चोख केले आणि आकड्याने ते पुसून टाकले. प्राचीन ग्रीसचे त्यातले दर्शन देखणे आहे, तरीही या एका गोष्टीसाठी मी तो गेम कोणाला सुचवत नाही.

एल्डन रिंग सोडावा का? माझे उत्तर असे की सध्या मार्गिटला सोडा, गेम सोडू नका. काही आठवडे दक्षिणेकडे मनसोक्त भटका. मेल्यानंतर आपण का मेलो हे तुम्हाला सांगता येऊ लागले, म्हणजे 'उगाच दुसरा वार करायला गेले' किंवा 'फ्लास्क त्याच्या अगदी समोर प्यायले' असे, तर गेम तुम्हाला शिकवतो आहे आणि तुम्ही शिकत आहात, तेव्हा पुढे जावे. पण मेल्यावर नुसताच संताप येत असेल, कारण कळत नसेल आणि ते शोधावेसेही वाटत नसेल, तर भेट म्हणून मिळाला आहे एवढ्यासाठी तो ओढत नेऊ नका. तुमच्याकडे रात्रीचा एकच तास असतो.

त्या तासाचा विचार मला तर या सगळ्या वादापेक्षा महत्त्वाचा वाटतो. मुलगी झोपेतून उठून हाक मारील तेव्हा बाल्डर्स गेट ३ तुमच्यासाठी थांबून राहतो; तुम्ही अर्ध्या तासाने परत आलात तरी तो गॉब्लिन आपली पाळी येण्याची वाट पाहत तिथेच उभा असतो. एल्डन रिंगमध्ये साधा पॉज नाही. बाहेर पडून पुन्हा आत येता येते आणि प्रगती जपली जाते, पण बॉसची लढाई पहिल्यापासून लढावी लागते. म्हणून बॉस शनिवारी रात्रीसाठी राखून ठेवावेत आणि आठवड्याच्या मधल्या रात्री गुहा धुंडाळाव्यात किंवा टर्न-बेस्ड काही खेळावे. आणखी एक तांत्रिक गोष्ट, कारण तुम्ही टीव्हीवर खेळता: टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असतो, तो चालू आहे का ते पाहा. चित्र सुंदर करण्यासाठी टीव्ही जी प्रक्रिया करतो तिच्यापायी बटण दाबणे आणि पडद्यावर हालचाल दिसणे यांत विलंब येतो. विचरमध्ये तो जाणवत नाही, मार्गिटसमोर मात्र जीव घेतो. काही वेळा आपला हात कच्चा आहे असे ज्याला वाटते, त्याचा टीव्ही सुस्त असतो.

पुढे काय खेळावे, याबाबत माझी पहिली शिफारस एक्सपिडिशन ३३ ची आहे. फ्रान्समधल्या मोंपेलिए शहरातल्या सँडफॉल इंटरॲक्टिव्ह या छोट्या कंपनीने तो एप्रिल २०२५ मध्ये आणला, आणि तुम्हा बहीणभावांच्या भांडणाकडे पाहूनच रचला असावा असे वाटण्याइतका तो तुम्हाला लागू पडतो. आपल्या पाळीला गेम थांबतो, हवा तितका विचार करता येतो, पात्रांच्या जोडणीत रमता येते. शत्रूच्या पाळीला मात्र त्याचा घाव नेमक्या क्षणी चुकवावा किंवा अडवावा लागतो, आणि सगळे घाव अडवले तर उलट तडाखा देता येतो. योग्य क्षणी बटण दाबण्याची ही कल्पना १९९६ च्या 'सुपर मारिओ आरपीजी'तही होती, पण इथे ती लढाईच्या केंद्रस्थानी आलेली आहे. घाव चुकवायला वेळेची सवलत जास्त मिळते आणि अडवायला कमी, म्हणून आधी चुकवायलाच शिका, आणि स्टोरी या सोप्या पातळीपासून सुरुवात करताना मनात कोणतीही खंत ठेवू नका. त्यातले शत्रूही घाव उगारून मुद्दाम थांबतात, त्यामुळे त्या गेममध्ये कान-डोळे तयार झाले की मार्गिट निम्मा ओळखीचा वाटेल.

ॲक्शनची भीती थोडक्यात घालवायची असेल तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये केलेला 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' पाहा. दुर्गा आणि विष्णू कथा सांगतात, भावाच्या शोधात निघालेली राजी त्रिशूळ फिरवत खांबांवरून आणि भिंतींवरून झेपा घेते. त्यातली लढाई थोडी ताठर आहे हे मान्य करूनही, वास्तू आणि चित्रशैली यांसाठी तो खेळावा असे माझे मत आहे, आणि तो लवकर संपतो हाही तुमच्या वेळापत्रकाच्या दृष्टीने गुणच आहे.

आणि एकदा तरी 'डिस्को एलिझियम' खेळा. २०१९ च्या या गेममध्ये नेहमीच्या अर्थाची लढाईच नाही. दारूने स्वतःची ओळखसुद्धा विसरलेला एक पोलीस अधिकारी आणि त्याच्या डोक्यात आपापसांत भांडणारी चोवीस कौशल्ये, एवढ्यावर सगळा डाव उभा आहे. पात्राचे शरीर फारच दुबळे ठेवलेत तर पहिल्याच खोलीत, पंख्याला अडकलेला स्वतःचा टाय काढण्याच्या प्रयत्नात तो मरू शकतो. आकडे म्हणजे नुसते घाव वाढवण्याचे साधन, असे म्हणणाऱ्या बंधूंना हा गेम माझ्यातर्फे आवर्जून सुचवा. त्यांना आव्हानच हवे असेल तर बाल्डर्स गेट ३ चा ऑनर मोड आहे: एकच सेव्ह, मागे जाऊन निर्णय बदलायची सोय नाही, आणि सगळी टोळी गारद झाली की ऑनरची ती मोहीम तिथेच संपते. हात कितीही चपळ असले तरी तिथे त्यांचा काहीएक उपयोग होत नाही.

डिस्को एलिझियममध्ये इंग्रजी वाचन भरपूर आहे, तेव्हा कामावरून दमून आल्यावर तो उघडू नका. एक्सपिडिशन ३३ आधी घ्या, हा दिवाळीच्या सुट्टीसाठी ठेवा, आणि सेकिरो सध्या बंधूंनाच खेळू द्या.